पाळणाघरातील खेळण्यांची स्वच्छता : चार क्रिया व त्यांची नावे

१. प्रश्नाचे स्वरूप

दोन-अडीच वर्षांपर्यंतचे मूल जगाची ओळख प्रथम तोंडाने करून घेते. हाती आलेला ठोकळा, खुळखुळा, चमचा, फार काय, कपाटाची किल्लीदेखील तोंडात घालून पाहिल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. घरी ही सवय बहुतांशी निरुपद्रवी ठरते, कारण एका खेळण्याला एकाच मुलाची लाळ लागते. पाळणाघरात मात्र एकच खुळखुळा सकाळपासून सायंकाळपर्यंत अनेक तोंडांतून फिरतो. ज्या सतरंजीवर मुले रांगतात तिच्यावरच ती जेवतात, आणि तेथून दोन हातांच्या अंतरावर त्यांचे लंगोट बदलले जातात. घरातील स्वच्छतेचे नियम येथे अपुरे पडतात ते यामुळे.

पाळणाघर, बालवाडी व अंगणवाडी या संस्था महाराष्ट्राला नव्या नाहीत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे केलेले कार्य सर्वपरिचित आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली, आणि २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेद्वारे अंगणवाडी देशभर पसरू लागली. या सर्व ठिकाणी स्वच्छतेविषयीच्या लेखी सूचना दिल्या जातात. त्यांतील एक वाक्य वाचकांच्या परिचयाचे असेल: ‘खेळणी व परिसर नियमितपणे निर्जंतुक करावा.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ते वाचून सेविकेने नेमके काय करावे, हे त्यातून कळत नाही. खेळणी साबणाने धुवावीत, उकळावीत, उन्हात ठेवावीत, की एखाद्या द्रावात बुडवावीत? या चारही क्रिया त्या एका शब्दात सामावतात, आणि चौघींचे परिणाम मात्र अगदी भिन्न आहेत. या भिन्न क्रियांना भिन्न नावे नसल्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारात कोणते दोष उत्पन्न होतात, व ते कसे टाळता येतील, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. रोगजंतूंचे दोन वर्ग

पाळणाघरात पसरणाऱ्या आजारांपैकी पुष्कळसे विषाणुजन्य असतात. जंतुनाशाच्या दृष्टीने या विषाणूंचे दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातील विषाणूंभोवती स्निग्ध द्रव्याचे नाजूक आवरण असते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू व २०२० सालच्या महासाथीचा कोरोना विषाणू हे या वर्गातील होत. साबण हे आवरण फोडतो, म्हणून साबणपाण्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही. दुसऱ्या वर्गातील विषाणूंना असे आवरण नसते. त्यांचे बाह्य कवच प्रथिनांचे व बळकट असते. उलट्या-जुलाब घडविणारे नोरो व रोटा हे विषाणू, तसेच हात, पाय व तोंड यांवर फोड आणणाऱ्या आजाराचे एन्टेरोविषाणू या वर्गात मोडतात. ते कोरड्या पृष्ठभागावर दिवसच्या दिवस टिकू शकतात, आणि नोरोविषाणूचे तर अत्यल्प कणही मुलास आजारी पाडण्यास पुरेसे होतात.

रोटाविषाणूवरील लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०१९ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. तिच्यामुळे एका शत्रूचा जोर पुष्कळ ओसरला. परंतु त्याच वर्गातील इतर विषाणूंवर ती चालत नाही. म्हणून धुण्याला व योग्य जागी जंतुनाशाला पर्याय नाही.

३. शब्दांचा विचार

स्वच्छतेचा अर्थ दर्शविणारे शब्द मराठीत विपुल आहेत. परंतु प्रत्येकाची घडण वेगळ्या कल्पनेवर झालेली आहे. ‘स्वच्छ’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘अत्यंत नितळ, पारदर्शक’ असा आहे. म्हणजे तो डोळ्यांना दिसणाऱ्या गुणाचा वाचक आहे. ‘निर्मळ’ म्हणजे मळ गेलेला. तोही दिसण्याशीच निगडित. ‘शुद्ध’ व ‘पवित्र’ या शब्दांत भौतिक अर्थाबरोबर धार्मिक अर्थ मिसळला आहे, आणि ‘सोवळे’ हा शब्द तर केवळ आचारधर्माचा आहे. सोवळ्यातील वस्तूवर रोगजंतू नसतीलच असे नाही. यांपैकी एकही शब्द डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांविषयी काही सांगत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी ‘निर्जंतुक’ हा शब्द घडविण्यात आला. ‘जंतू’ म्हणजे मुळात जन्मास आलेला कोणताही जीव. त्याचाच तद्भव ‘जंत’ हा आज पोटातील कृमींपुरता उरला आहे. ‘निर्’ हा उपसर्ग संपूर्ण अभाव दाखवितो. तेव्हा ‘निर्जंतुक’ याचा शब्दशः अर्थ ‘ज्यावर एकही सूक्ष्म जीव उरलेला नाही असे’ असा होतो. शस्त्रक्रियेच्या हत्यारांना तो यथार्थपणे लागू पडतो. ती दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअस तपमानावर निदान १५ मिनिटे ठेवली जातात. पाळणाघरात असे साधन नसते व त्याची गरजही नसते. दहा मिनिटे उकळलेल्या पाण्यातदेखील काही सूक्ष्मजंतूंची बीजे जिवंत राहतात. म्हणजे या शब्दाने मागितलेली अवस्था पाळणाघरात कधीच साध्य होत नाही. आणि जी साध्य होऊ शकते व व्हावयास हवी, तिला वेगळे नाव नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी चार क्रिया पुढीलप्रमाणे वेगळ्या करता येतील. पहिली ‘धुणे’: साबण व पाणी यांच्या साहाय्याने मळ व त्याबरोबर बहुसंख्य जंतू वाहून नेणे. दुसरी ‘जंतू घटविणे’: धुतलेल्या वस्तूवर उरलेल्या जंतूंची संख्या सौम्य द्रावाने किंवा उष्णतेने निर्धोक पातळीपर्यंत उतरविणे, तोंडात जाणाऱ्या खेळण्यांना व जेवणाच्या मेजाला ही पुरेशी होय. तिसरी ‘जंतुनाश’: अधिक तीव्र द्रावाने रोगजंतू मारणे, लंगोट बदलण्याची जागा, शौचकूप, उलटी झालेली जमीन यांस ती हवी. चौथी ‘निर्जंतुकीकरण’: ती रुग्णालयाची बाब आहे, पाळणाघराच्या सूचनांतून हा शब्द वगळणेच श्रेयस्कर.

४. क्रम का महत्त्वाचा

या क्रियांपैकी पहिली कधीही गाळता येत नाही. याचे कारण रासायनिक आहे. सामान्यतः वापरले जाणारे जंतुनाशक म्हणजे क्लोरिनयुक्त द्राव: द्रवरूपात सोडिअम हायपोक्लोराइट व भुकटीच्या रूपात ब्लीचिंग पावडर. पाण्यात त्यांपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते, आणि ते जंतूंच्या प्रथिनांवर व इतर घटकांवर आघात करते. परंतु हे आम्ल जंतू व मळ असा भेद करीत नाही. लाळ, दूध, खिमटीचा लगदा, विष्ठा यांतील सेंद्रिय द्रव्यांवरही ते तितक्याच तत्परतेने खर्ची पडते. वाळलेल्या दुधाचा थर असलेला ठोकळा सरळ द्रावात बुडविला, तर द्रावाचे बळ त्या थरावरच संपते आणि थराखालचे जंतू सुरक्षित राहतात. म्हणून प्रथम घासणे, मग विसळणे, आणि त्यानंतरच द्राव, हा क्रम अपरिहार्य ठरतो.

दुसरी गोष्ट काळाची. जंतू द्रावाच्या स्पर्शासरशी मरत नाहीत. पृष्ठभाग काही काळ ओला राहावा लागतो. हा काळ द्रावाच्या प्रकारावर व तीव्रतेवर अवलंबून असतो. तो बाटलीवरील चिठ्ठीवर दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा. लावल्याबरोबर फडक्याने पुसून घेण्याची सवय सर्वत्र आढळते. तिच्यामुळे द्राव लावल्याचे समाधान तेवढे मिळते, कार्य होत नाही.

५. माप

क्लोरिनयुक्त द्रावाचे सामर्थ्य त्यातील उपलब्ध क्लोरिनच्या शेकडा प्रमाणाने मोजतात. बाजारातील द्रवात ते एकसारखे नसते, म्हणून बाटलीवरील आकडा वाचणे ही पहिली पायरी. तो ५ टक्के आहे असे धरल्यास, २० मिलिलिटर द्रव घेऊन त्यात एकूण १ लिटर होईल इतके पाणी घातले असता ०.१ टक्क्याचा, म्हणजे दशलक्ष भागांत १००० भाग क्लोरिन असलेला, द्राव तयार होतो. जंतुनाशासाठी हा उपयोगी पडतो. त्याच द्रवाचे केवळ २ मिलिलिटर १ लिटरमध्ये घेतल्यास दशलक्षात १०० भागांचा सौम्य द्राव होतो. धुतलेल्या खेळण्यांवरील जंतू घटविण्यास तो पुरतो. उलट्या-जुलाबांची साथ असता मात्र नोरोविषाणूपुढे हा सौम्य द्राव दुर्बळ ठरतो. त्या काळी ०.१ टक्क्याचा द्राव वापरून पृष्ठभाग निदान पाच मिनिटे ओला ठेवावा. उलटी वा जुलाब पडलेली जागा प्रथम पुसून व धुऊन घेतल्यावर ०.५ टक्क्यापर्यंत तीव्रता वाढविण्यास हरकत नाही. त्या वेळी मुले दुसऱ्या खोलीत असावीत व खिडक्या उघड्या असाव्यात.

ताज्या ब्लीचिंग पावडरीत उपलब्ध क्लोरिन शेकडा ३० च्या आसपास असतो. या हिशेबाने १ लिटर पाण्यास सुमारे ३.३ ग्रॅम भुकटी घेतली म्हणजे ०.१ टक्क्याचा द्राव मिळतो. गाळ खाली बसू देऊन वरचे निवळ पाणी घ्यावयाचे. परंतु दमट हवेत व उष्णतेत ही भुकटी बळ गमावते. कोकणातील पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पिशवीतील भुकटीत क्लोरिन २० टक्क्यांवर आला असेल, तर तेवढ्याच भुकटीपासून ०.०६६ टक्क्याचाच द्राव होईल, आणि डोळ्यांना हा फरक दिसणार नाही. म्हणून भुकटी घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड व कोरड्या जागी, थोड्या थोड्या प्रमाणात आणून ठेवावी. पातळ केलेला द्रावही रोज ताजा करावा. प्रकाशाने व काळाने तो निर्बल होतो.

येथे भाषेचा एक अडसर पुन्हा पुढे येतो. घरगुती व्यवहारातील मापे ‘झाकणभर’, ‘चमचाभर’, ‘चिमूटभर’, ‘अंदाजाने’ अशी आहेत. स्वयंपाकात ती उत्तम चालतात, कारण जीभ चूक लगेच दाखवून देते. जंतुनाशकाच्या बाबतीत चूक दाखविणारे इंद्रिय नाही. एका बाटलीचे झाकण दुसरीच्या दुप्पट मावणारे असू शकते. सूचनेत ‘एक झाकण’ असे लिहिणे म्हणजे कोणतेच माप न लिहिणे होय. खुणा असलेले एक लहान मापपात्र याच कामासाठी वेगळे ठेवावे. औषधाच्या बाटलीवरील मापाचे टोपण या कामास कदापि घेऊ नये, कारण ते पुन्हा औषधाच्याच बाटलीवर जाण्याचा संभव असतो.

६. वासाचा भ्रम

‘स्वच्छ’ हा शब्द जसा दृष्टीचा, तशी व्यवहारातील स्वच्छतेची खूण पुष्कळदा नाकाची असते. फिनाईलचा वास आला म्हणजे जमीन जंतुमुक्त झाली, असा समज सर्वत्र रूढ आहे. या समजाचा इतिहास मोठा आहे. व्हिएन्ना येथील रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली प्रसूतिविभागातील डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्यास लावले, तेव्हा त्यांनी ते द्रव्य निवडले ते प्रेतांचा वास त्याने जातो म्हणून. त्या विभागात एप्रिल १८४७ मध्ये शेकडा १८ हून अधिक असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास उतरले. त्यांची निवड यशस्वी ठरली. परंतु तिचे श्रेय वास घालविण्याच्या गुणाला नव्हे, जंतू मारण्याच्या गुणाला होते. हे दोन गुण एका द्रव्यात एकत्र आले हा योगायोग होय. केवळ सुगंध देणाऱ्या द्रवात दुसरा गुण असेलच असे नाही.

काळे फिनाईल दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या तेलांपासून बनते. फिनॉल वर्गातील द्रव्ये तान्ह्या मुलांच्या त्वचेतून शरीरात शिरू शकतात. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही रुग्णालयांत अशा द्रव्यांचा पाळण्यांवर वापर झाला, तेव्हा नवजात बालकांत काविळीचे प्रमाण वाढल्याचे निदर्शनास आले होते. यास्तव पाळणे, खेळणी व रांगण्याची जागा यांपासून फिनाईल दूर ठेवावे. त्याचा वास पाळणाघरात दरवळणे ही स्वच्छतेची ग्वाही नव्हे.

७. वस्तूनुसार भेद

सर्व खेळण्यांना एकच रीत लागू पडत नाही. कठीण प्लास्टिकचे ठोकळे धुऊन, सौम्य द्रावात निदान दोन मिनिटे बुडवून, पुन्हा विसळून निथळत ठेवता येतात. दाबल्यावर शिट्टी वाजणाऱ्या पोकळ खेळण्यांत पाणी शिरून आत बुरशी धरते. ज्यांचे छिद्र बंद करता येत नाही अशी खेळणी पाळणाघरात न ठेवणे बरे. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी खेळण्यांसारख्या वस्तू पाण्यात भिजत घालू नयेत. लाकूड फुगते, रंग सुटतो, आणि सुटलेला रंग मुलाच्या पोटात जातो. ती ओलसर साबणफडक्याने पुसून, स्वच्छ ओल्या फडक्याने पुन्हा पुसून पूर्ण वाळवावीत. तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांना ती देऊच नयेत. कापडी बाहुल्या ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुऊन कडक वाळवाव्यात, आणि शक्य तर प्रत्येक मुलाची बाहुली स्वतंत्र असावी. उष्णता सोसणाऱ्या दंतकड्या दहा मिनिटे उकळाव्यात. धातूच्या वस्तूंना क्लोरिन गंज चढवितो. त्या नंतर पाण्याने नीट धुतल्या पाहिजेत.

‘ऊन दाखविणे’ ही आपल्याकडील जुनी रीत त्याज्य नाही. उन्हाने वस्तू लवकर कोरडी होते, आणि ओल गेली की पुष्कळ जंतूंची व बुरशीची वाढ खुंटते. तथापि ऊन ही धुण्यानंतरची पायरी आहे, धुण्याऐवजीची नव्हे. खेळण्याच्या खाचेत वाळलेल्या लाळेखाली उन्हाचे किरण पोहोचत नाहीत.

८. ‘औषध’ या शब्दाचा धोका

ग्रामीण महाराष्ट्रात पिकावर मारावयाच्या विषाला ‘औषध’ म्हणतात. त्याच चालीवर फरशी पुसण्याच्या द्रवालाही ‘औषध’ म्हटले जाते. आजारात आई प्रेमाने देते तेही औषधच. तीन वर्षांच्या मुलाला या तिघांतील भेद कळण्याचा मार्ग नाही. पाळणाघरात तरी या द्रवांना ‘विषारी पाणी’ असे स्पष्ट नाव द्यावे. ते मूळ बाटलीतच, कुलुपात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. सरबताच्या वा पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही ओतू नये.

याहून मोठा धोका मिश्रणाचा आहे. क्लोरिनचा द्राव शौचकूप धुण्याच्या आम्लात मिसळला की क्लोरिन वायू निर्माण होतो; अमोनियायुक्त द्रवात मिसळला की क्लोरॅमाइन वायू उत्पन्न होतात. दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत. दोन चांगल्या वस्तू एकत्र केल्याने अधिक चांगली वस्तू होते, हा तर्क येथे प्राणावर बेतू शकतो.

एका मोघम शब्दाने केवढा अनर्थ ओढवू शकतो हे २०२० साली दिसून आले. त्या वर्षी ‘निर्जंतुकीकरण’ हा शब्द रस्ते, भिंती, वाहने असा पसरत अखेर माणसांपर्यंत पोहोचला. मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांवर हायपोक्लोराइटचा फवारा मारण्यात आला. त्यांत मुलेही होती. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर असे फवारे मारू नयेत असे स्पष्ट केले, आणि मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच बजावले. जंतुनाशक हे धुतलेल्या निर्जीव पृष्ठभागासाठी असते; मुलाच्या हातांसाठी साबण व पाणी हेच योग्य होय.

९. सूचनेची भाषा

वरील विवेचनावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जंतू मारण्याच्या क्रियेसाठी मराठीजवळ पारिभाषिक शब्द थोडे आहेत. परंतु धुण्याच्या क्रियांची तिची शब्दसंपत्ती असामान्य आहे. घासणे, चोळणे, खंगाळणे, विसळणे, पुसणे, निथळणे, वाळविणे यांतील प्रत्येक क्रियापद एक निश्चित हालचाल सुचविते, आणि कोणत्याही सेविकेला ते समजावून सांगावे लागत नाही. सूचना लिहिणाऱ्यांनी ही संपत्ती वापरावयास हवी. ‘खेळणी निर्जंतुक करावीत’ याऐवजी सूचना अशी असू शकेल:

‘तोंडात घातलेले खेळणे लगेच उचलून वेगळ्या टोपलीत टाका, न धुता दुसऱ्या मुलाला देऊ नका. साबणाच्या पाण्यात घासा. साध्या पाण्याने विसळा. १ लिटरला २ मिलिलिटर या मापाच्या द्रावात बुडवा आणि घड्याळ पाहून दोन मिनिटे ठेवा. पुन्हा विसळा. जाळीवर निथळू द्या. शेवटी स्वतःचे हात साबणाने धुवा.’

तिच्याखाली ‘हे माप ५ टक्क्यांच्या द्रवाचे आहे’ एवढी एक ओळ मात्र हवीच. या सूचनेत एकही पारिभाषिक शब्द नाही, तरी तिच्यात क्रम, माप व काळ ही तिन्ही अंगे आली आहेत. याच रीतीने जेवणाच्या मेजासाठी जेवणापूर्वीची व नंतरची, लंगोट बदलण्याच्या जागेसाठी प्रत्येक वापरानंतरची, आणि दाराच्या कड्या व नळ यांसाठी रोजची अशा स्वतंत्र सूचना लिहिता येतील, व ज्या त्या जागी डोळ्यांच्या उंचीवर लावता येतील.

जमीन, भिंती, खिडक्या यांवर रोज तीव्र द्राव ओतण्याची आवश्यकता नाही. त्याच्या वाफेने सेविकांच्या व दम्याचा विकार असलेल्या मुलांच्या श्वासमार्गास त्रास होतो, आणि त्या प्रमाणात लाभ काही होत नाही. बहुतेक ठिकाणी साबण, पाणी व वारा पुरे. थोड्या ठिकाणी सौम्य द्राव. अगदी मोजक्या ठिकाणी तीव्र द्राव. कोणते ठिकाण कोणत्या वर्गातील, हे सेविकेला तिच्याच भाषेतील क्रियापदांत सांगितले गेले, तर दिवसभर मुलांच्या मागे धावणाऱ्या त्या बाईचे कष्टही वाचतील आणि मुलांचे उलट्या-जुलाबांपासून व विषारी द्रवापासून रक्षणही होईल.